गोचीड कुत्र्यावर, वस्ती भिंतीत



पावसाळा नुकताच सरला होता. एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला, राजाला, दोन्ही हातांवर उचलून दवाखान्यात घेऊन आले. चार दिवस पोटात अन्न नाही, अंगात ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. मी विचारले, "गोचिड्या झाल्या होत्या का?" ते म्हणाले, "झाल्या होत्या डॉक्टर, पण तीन आठवड्यांपूर्वी. मी स्वतः एकूण एक वेचून काढल्या." रक्त तपासले. गोचीड तापच होता.

गोचीड काढली म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक आहे. रक्त पिताना ती रोगजंतू कुत्र्याच्या शरीरात सोडते. ताप दिसतो तो एक ते तीन आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी. म्हणून गोचिड्या झाल्याची तारीख लिहून ठेवा. पुढे कुत्रा मलूल दिसला, जेवेनासा झाला, तर डॉक्टरांना ती आवर्जून सांगा. घरातली तापाची गोळी मात्र त्याला देऊ नका. माणसांची औषधे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

दुसरी गोष्ट. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. लहानाची मोठी होताना ती तीनदा अंगावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि उतरते. टम्म फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या गोणपाटाखाली शिरते आणि हजारांवर अंडी घालते. उपाशीपोटी गोचीड कित्येक महिने तग धरते. तेव्हा निम्मे काम कुत्र्यावर, तर निम्मे घरात करायचे असते.

अंगावरची गोचीड काढताना बारीक टोकाचा चिमटा घ्या. कातडीला अगदी लागून तिला पकडा आणि सावकाश सरळ ओढा. पिळू नका, बोटांनी चिरडू नका. ती स्पिरिटमध्ये टाका, हात साबणाने धुवा. कान, मान, काखा आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपून पाहा. रॉकेल लावणे, उदबत्तीचा चटका देणे हे उपाय सोडा. त्याने कुत्र्याची कातडी भाजते.

मानेवर टाकायचे थेंब, गळ्यातला पट्टा, चघळायच्या गोळ्या अशी चांगली औषधे आज मिळतात. वजन आणि वय पाहून डॉक्टरांनी सांगितलेलेच घ्या. गुरांसाठी आणलेले औषध अंदाजाने कुत्र्याला चोळू नका. घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कुत्र्याची काही औषधे मांजराला विषासारखी असतात.

घरात अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, कोपरे झाडा, भेगा सिमेंटने बुजवा. फवारणी केलीत तर जागा पूर्ण वाळेपर्यंत मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा. एकदा करून भागत नाही. अंडी फुटून नवी पिल्ले निघतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावे लागते.

राजा वाचला. महिनाभर गोळ्या चालल्या. मधल्या काळात त्या गृहस्थांनी बॅटरी घेऊन जिन्याखाली, राजा झोपायचा त्या जागेवर, उजेड टाकला. भिंतीच्या एका भेगेत गोचिड्या ओळीने बसल्या होत्या. मला म्हणाले, "डॉक्टर, मी इतके दिवस कुत्राच तपासत होतो."

आज घरी आपणही बॅटरी घेऊन एकदा खाली वाकून पाहा.