शहर कोणी वसविले?



शहराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे संस्थापकाचे नाव सांगावयाचे, अशी आपली रीत आहे. कोडोलीकरांस हे नवे नाही. आपल्या शेजारी तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखाना उभारला आणि वारणानगर वसले. आज आम्ही बोलणार आहोत ते इचलकरंजीविषयी. आमचे आयुष्य तेथे गेले.

नारो महादेव जोशी हे सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी होते. धन्याचे ऋण स्मरून त्यांनी घोरपडे हे आडनाव लावले. त्यांच्या घराण्याची ही जहागीर. येथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्यास आश्रय दिला. पुढे गल्लोगल्ली माग खडखडू लागले. २०११ च्या जनगणनेत वस्ती पावणेतीन लाखांवर गेली. २०२२ साली महानगरपालिका झाली.

हे सारे खरे. परंतु नुसता माग बसविल्याने कापड निघत नाही. ताण्याला खळ लावणारा सायझिंग कामगार, तुटला धागा सांधणारा विणकर, कांड्या भरणाऱ्या बाया, माग दुरुस्त करणारा जॉबर, इतके हात लागतात. ते सोलापुराहून, कर्नाटकातून, पुढे बिहार-ओडिशातूनही आले. माग थांबला की मजुरी थांबली. मजुरीवाढीसाठी २०१३ साली मोठा संप करावा लागला.

आम्ही सातवीनंतर मागावर गेलो. एका सोबत्याची दोन बोटे मागात गेली. भरपाई मागावयास गेलो, तर हजेरीपुस्तकात त्याचे नावच नव्हते! अकरा वर्षे कापड विणणारा माणूस कागदोपत्री तेथे कधी आलाच नव्हता. त्या रात्री आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले. शब्द अडला की शेजारच्या मास्तरांना विचारीत असू. भरपाई मिळाली, पण चार वर्षांनी. साक्ष देणाऱ्या दोघांचे काम मात्र गेले.

आजही हे शहर आल्यागेल्याच्या हाताला काम देते, हा त्याचा मोठेपणा. परंतु २०१२ साली येथे काविळीने माणसे दगावली. पंचगंगा उशाशी असून पिण्याचे पाणी कृष्णेवरून आणावे लागते. आधी माग वाढले. माणसाचा विचार मागून आला.

कोडोलीही वाढत आहे, वाढावीच. आमचे सांगणे एवढेच : नवा कारखाना निघाला, तर पाटीवरचे नाव वाचून परत फिरू नका. आत जाऊन हजेरीपुस्तक पाहा.