बालरुग्ण विभागातून मोठ्यांच्या ओपीडीत
(वर्षावासातील रविवारच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



साखर, ब्लडप्रेशर यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज ल्युपसविषयी बोलणार आहे. या आजारात शरीराचं रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. ताप येतो, सांधे दुखतात, गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उठतो. मुलांपेक्षा मुलींना तो जास्त होतो. तो शिवल्याने पसरत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाचा तर इथे संबंधच नाही. लहानपणी सुरू झालेला ल्युपस किडनीला अधिक धरतो, आणि किडनी बिघडताना बहुधा दुखत नाही. लघवीला फेस, पायांवर सूज. कधी तेही नाही, नुसतं तपासणीत कळतं.

मुलगी लहान असते तेव्हा सगळं आई बोलते. डॉक्टरही ओळखीचे झालेले असतात. मग काही रुग्णालयांत बाराव्या वर्षी, काही ठिकाणी अठराव्या वर्षी सांगतात, आता मोठ्यांच्या ओपीडीत जा. तिथे गर्दी, नवे डॉक्टर. ते मुलीला विचारतात, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" मुलगी आईकडे बघते!

याच काळात गोळ्या सुटतात. प्रेडनिसोलोनने चेहरा सुजतो, वजन वाढतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ते कसं सोसावं? बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करते. आजार उसळतो, आणि ही गोळी एकदम सोडणं तर जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायची असते.

दुसरी गोष्ट लग्नाची. स्थळ येणार म्हटलं की गोळ्यांचा डबा कपाटात जातो. मला हे मुळीच पटत नाही. ल्युपस असलेल्या पुष्कळ बायकांना मुलं होतात. मात्र आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो. किडनीसाठी दिलेलं मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, म्हणून ते डॉक्टरांना विचारून आधीच बदलून घ्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालूच ठेवतात. हे सासूला नंतर कळण्यापेक्षा मुलीला आधी माहीत हवं.

भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन आजारी भिक्खूला स्वतः धुतलं, ही महावग्गातली गोष्ट आपण ऐकलेली आहे. तिथेच पुढे चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. त्यांतला एक असा की, रुग्ण आपलं दुखणं वाढलं, कमी झालं की तसंच आहे, हे सेवा करणाऱ्याला जसंच्या तसं सांगतो. हे काम इतकी वर्षं आईच करत आली.

म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ओपीडीत मुलीला आधी बोलू द्या. थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. आईसमोर मुली सगळं बोलत नाहीत. गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम, हे तिला पाठ हवं. जुन्या डॉक्टरांकडून आजाराची सगळी हकिगत लिहून घ्या, किडनीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट असल्यास फाईलला लावा. नव्या ओपीडीची तारीख हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका, आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या आधीच घेऊन ठेवा. लघवी, रक्तदाब, डोळे यांची तपासणी चुकवायची नाही.

आपल्या वस्तीत अशी कुणी मुलगी असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा. तिलाही आणा, फाईल तिच्याच हातात असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!