झटका गेला, दमा राहिला



मक्याची मळणी सुरू झाली की आपल्या ओपीडीत धाप लागलेल्यांची गर्दी वाढते. मळणीचा भुसा, चाळीतल्या कांद्याची फोलपटं, महामार्गाचा धूर, घरात चूल. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, छाती भरलीय, सुई द्या." आपण डेक्सामेथासोन देतो, थिओफिलिनची जोड देतो. तासाभरात तो मोकळा होऊन एसटी धरतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा राहतो. झटका गेला, दमा जिथल्या तिथे राहिला.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सूज असते, दम लागत नसतानाही असते. साल्ब्युटामॉलचा निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. म्हणूनच 'जिना' या जागतिक मार्गदर्शक संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितले की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, श्वासावाटे स्टेरॉइड हवेच. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. 2019 च्या जागतिक आजारभार अभ्यासातला हा अंदाज मला अस्वस्थ करतो, कारण औषध आपल्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये मिळते.

अडते कुठे? "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय". लग्नाच्या मुलीचा पंप तर कपाटात लपवला जातो. अशा घरी मी आकडे मांडते. साल्ब्युटामॉलच्या गोळीत 4 मिलिग्रॅम औषध, पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग, तोही थेट छातीत. सुईतले 8 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सगळ्या अंगात भिनते. वर्षानुवर्षे अशा सुया घेतलेल्यांची साखर आणि हाडे आपणच तपासतो ना?

दुसरी चूक निदानातली. चुलीपुढे उभे आयुष्य गेलेल्या आजींना आपण सरसकट दमेकरी ठरवतो. बिडीला न शिवलेल्यांनाही सीओपीडी होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ठळकपणे मांडले. औषध दिल्यानंतरही स्पायरोमेट्रीत अडथळा कायम राहिला, तर आधी सीओपीडीचा विचार करायला हवा. त्यात श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारी औषधे मुख्य, आणि चुलीचा धूर थांबवणे तितकेच महत्त्वाचे.

आणि पंप लिहून दिला म्हणजे काम संपले असे नाही. रुग्णाला समोर ओढायला लावा. कुणी श्वास सोडताना दाबतो, कुणाचा फवारा जिभेवरच बसतो, कुणी रोटाकॅप पाण्याबरोबर गिळतो. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, आत घेऊ लागताच दाबायचे, सावकाश ओढत राहायचे, दहा सेकंद श्वास रोखायचा. स्टेरॉइडनंतर चूळ भरायची. लेकरांना स्पेसर द्या. तो परवडत नसेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून त्यात पंप घट्ट बसवा. दक्षिण आफ्रिकेच्या हेदर झार यांनी 1999 मध्ये दाखवले की मुलांच्या दम्यात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते.

माझी एकच विनंती आहे. उद्या सकाळी जो पहिला दमेकरी येईल, त्याला सुई टोचण्याआधी म्हणा, "तुमचा पंप दाखवा, आणि माझ्यासमोर ओढा."