टॅली आपली पाहिजे
(हातखंबा येथील भाषणाचा मजकूर)



मत दिलं, बोटाला शाई लागली, की आपण घरी. पण खरा हिशोब त्यानंतर सुरू होतो. तेव्हा आपण कुठं असतो?

मी गोदीत हमाली करतो. जहाजाचा माल उतरतो तेव्हा टॅल्या दोन असतात. एक जहाजाची, एक किनाऱ्याची. आपली टॅली नसली की त्यांचा आकडा खरा.

मतदानाचंही तेच. लोकसभा-विधानसभेला मतदान संपलं की केंद्राध्यक्ष मशीन बंद करतो, टोटल बघतो, फॉर्म १७ सी भरतो. कंट्रोल युनिटचा नंबर, रजिस्टरात मतदार किती, मशीनमध्ये मतं किती, सगळं त्यात. सही केलेली त्याची नक्कल हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यायची. ही मेहरबानी नाही. १९६१ च्या नियमांतला ४९-एस आहे. मोजणीच्या टेबलावर तोच नंबर, तीच टोटल ताडून बघायची. मग फॉर्मच्या दुसऱ्या भागात कुणाला किती, आणि खाली सह्या.

गोम कुठंय? ‘हजर असलेल्या’ या दोन शब्दांत. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात मागणी झाली, हे फॉर्म सगळ्यांना दाखवा. आयोग म्हणाला, कायद्यानं फक्त उमेदवाराला आणि एजंटला द्यायचे. कोर्टानं ऐन निवडणुकीत आदेश द्यायला नकार दिला. म्हणजे एजंट नाही, तर कागद नाही.

आणि १७ सी पुरेसा आहे असंही समजू नका. मशीनमध्ये मतं किती पडली ते तो सांगतो. कुणाला पडली ते ताडायला व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आहेत. फरक पडला तर चिठ्ठी खरी, असा नियम आहे. पण चिठ्ठ्या मोजतात एका विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीला निकाल पटला नाही. ३ डिसेंबर २०२४ ला गावानं स्वतःच कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी आली, पोलीस आले, मतदान राहिलं. २०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत तर व्हीव्हीपॅटच नव्हतं.

काहीजण म्हणतात, कागदी मतपत्रिका आणा, सगळं साफ होईल. मागा, जरूर मागा. पण १९५२ ला मुंबईत बाबासाहेब हरले ते कागदावरच, हजारो मतपत्रिका बाद झाल्या तेव्हा. मोजणाऱ्याच्या समोर आपला माणूस नसेल तर कागदही त्यांचाच.

आजवर आपली पोरं बाहेर. स्लिपा वाटायला, सतरंज्या उचलायला. आत खुर्चीवर दुसऱ्यांची पोरं. हे उलटं करा. एजंट उमेदवार नेमतो. तर उमेदवार वस्तीत हात जोडून आला की रस्ता, गटार मागायच्या आधी विचारा: आमच्या केंद्रावर आमची पोरगी एजंट नेमतोस का? तिची बुडालेली मजुरी वस्तीनं वर्गणी काढून भरा. तिनं शेवटपर्यंत बसायचं. सही केलेला कागद घेतल्याशिवाय उठायचं नाही. मोजणीला तोच कागद घेऊन आपला माणूस टेबलापाशी.

मत आपलं आहे. टॅलीही आपली पाहिजे.