वस्तीची गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संध्याकाळी साडेसात-आठचा सुमार. वाडीतल्या घरांत दिवे लागलेले असतात. समुद्राची गाज चालू असते आणि तेवढ्यात घाटाच्या वळणावरून घरघर ऐकू येते. पडवीत बसलेली आजी आतल्या सुनेला सांगते, "आली गो गाडी." सून भाताचं आधण ठेवते, कारण गाडी आली म्हणजे बाजाराला गेलेलं माणूस आता दहा मिनिटांत दारात येणार. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांचा दिवस असा मावळत आला आहे. ही गाडी म्हणजे एसटीची वस्तीची गाडी. श्रोतेहो, आज मला तिच्याविषयी बोलायचं आहे.

शहरातल्या माणसाला वस्तीची गाडी म्हणजे काय, हे कदाचित सांगावं लागेल. तालुक्याच्या गावाहून सुटणारी शेवटची फेरी रात्री आगारात परत जात नाही. ती टोकाच्या गावातच मुक्काम करते आणि पहाटे तिथूनच पहिली फेरी म्हणून सुटते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री देवळाच्या ओवरीत, शाळेच्या पडवीत, नाहीतर गाडीतच बाकावर अंग टाकतात. कुणी त्यांना पाणी आणून देतं, कुणी आमटी-भात. पहाटे कंडक्टर दोनदा घंटी ओढतो आणि त्या आवाजावर अख्खं गाव उठतं.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं. दापोली डोंगरावर आणि गावं खाली समुद्राकाठी. दापोलीहून हर्णैला जायचं तर आसूदच्या बागेतून वळणं घेत पंधरा-सोळा किलोमीटर उतरावं लागतं. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांची हीच तऱ्हा. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला चढ आणि दोन गावांच्या मध्ये खाडी. पूर्वी मुंबईला जायचं ते बोटीने. १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण आमच्या आजोबांच्या पिढीने जन्मभर बाळगली. पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सरकारी एसटीची पहिली गाडी धावली आणि हळूहळू ती घाट उतरून आमच्यापर्यंत पोचली.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा काहींना वाटलं, आता एसटीचं काम संपलं. पण नकाशा पाहा. रेल्वे खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशी आतल्या अंगाने गेली. दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही किनाऱ्याकडची गावं रुळापासून दूरच राहिली. गाडीतून उतरलेल्या माणसाला स्टेशनवरून घरी न्यायला पुन्हा एसटीच हवी होती.

सकाळच्या त्या पहिल्या फेरीत कोण कोण असतं? दप्तरं घेतलेली शाळेची मुलं, कॉलेजची पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया, केसपेपर पिशवीत जपून ठेवलेला पेशंट, तहसील कचेरीत सात-बाऱ्यासाठी खेटे घालणारे काका. शिवाय माणूस नसलेले प्रवासीही असतात. मी दापोलीला अकरावीत असताना आई पहाटे भाकरीचा डबा कंडक्टरच्या हातात द्यायची. तो डबा स्टँडवरच्या कंट्रोलरच्या टेबलावर यायचा आणि मी तिथून उचलायचा. दोन वर्षांत डबा एकदाही चुकला नाही. त्याचं तिकीट कुणी फाडलं नाही.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. १९७८चा पावसाळा. माझी मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री एकच्या सुमारास तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "पोर अडलीय. माझ्या हातचं काम नाही हे." गावात ना जीप, ना रिक्षा. डोलीतून न्यायचं तर पावसात, चिखलात, घाट चढून. वडील कंदील घेऊन देवळाकडे धावले. ड्रायव्हर जागा झाला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "कंडक्टरला उठवा. मधल्या जागेत गादी टाका."

दोन बाकांच्या मधल्या पट्टीत गादी टाकून बहिणीला दापोलीला नेलं. मी मागे बसून कंदील धरला होता. पावसाने काच धूसर झाली होती आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून वळणं घेत होता. पहाटे भाची झाली. साडेपाचला गाडी गावात परत आली होती आणि सहाची फेरी वेळेवर सुटली. त्या रात्रीच्या मैलांचा हिशेब त्या दोघांनी कागदावर कसा बसवला, हे आम्ही कधी विचारलं नाही. भाची आज पन्नाशीकडे आली आहे.

एसटीच्या कारभारात एक शब्द आहे, भारमान. गाडीतल्या किती जागा भरल्या, त्याचं प्रमाण. भारमान कमी झालं की फेरी तोट्यात आणि तोट्यातली फेरी बंद करायची, असा सरळ हिशेब मांडला जातो. हिशेब मांडणाऱ्याला मी दोष देत नाही. डिझेल, टायर, पगार यांना पैसे लागतातच. गावंही रिकामी होत चालली आहेत, तरुण मुंबईला गेले, मागे राहिलेल्यांच्या दारात मोटरसायकल आली. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात लोकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. त्यातले काही पुन्हा एसटीकडे वळले नाहीत.

पण हा हिशेब एका फेरीपुरता मांडला की फसतो. समजा, संध्याकाळची शेवटची गाडी बंद झाली. कॉलेजात जाणारी मुलगी सकाळच्या गाडीने जाईल, पण परत कशी येईल? घरचे म्हणतात, राहू दे कॉलेज. म्हणजे तुटली संध्याकाळची गाडी आणि प्रवासी कमी झाला सकाळच्या गाडीचा. मग सकाळचंही भारमान घसरतं. वडापची जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. एसटी तीन माणसं घेऊनही ठरल्या वेळेला सुटते. पोरीला घराबाहेर पाठवताना आईबाप या वेळेच्याच भरवशावर असतात.

लांब पल्ल्याच्या गाड्यांनी कमवायचं आणि त्यातून आडवाटेच्या गाड्या चालवायच्या, हे एसटीचं मूळ गणित. मुंबईच्या रस्त्यावरचा कमाईचा प्रवासी खासगी गाड्यांनी ओढून नेला आणि आडवाट तेवढी एसटीच्या वाट्याला उरली. तरी माणसं परत येतात, हेही दिसलं आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत आणि २०२३च्या मार्चपासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला, तेव्हा देवदर्शनाला, माहेराला, डॉक्टरकडे जाणाऱ्या बाया पुन्हा गाडीत दिसू लागल्या.

या गाड्यांनी किंमतही मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला. त्यात वाहून गेलेल्या दोन एसटींपैकी एक जयगडहून, म्हणजे थेट किनाऱ्यावरून मुंबईला निघाली होती. २०२१च्या जुलैत चिपळूणला महापूर आला, तेव्हा आगारातली लाखोंची रोकड सांभाळत तिथले अधिकारी कित्येक तास बुडालेल्या गाडीच्या टपावर बसून होते.

मला वाटतं, वस्तीच्या गाडीकडे शाळेसारखं, आरोग्य केंद्रासारखं पाहावं. गावच्या शाळेला नफा किती झाला, हे आपण विचारत नाही. घाटातल्या गावांना लहान गाड्या द्याव्यात, वेळा शाळा-कॉलेजच्या आणि रेल्वेच्या वेळांशी जुळवाव्यात आणि गाड्या कमी पडल्या तर सर्वांत शेवटी वस्तीच्या फेरीला हात लावावा. काही काम गावाचंही आहे. आता महिला कंडक्टर आहेत. त्यांच्यासाठी बंद दाराची खोली आणि स्वच्छ संडास आपण गावकऱ्यांनी करून द्यायला नको का? त्याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

मध्यंतरी गावी गेलो होतो. पहाटे पहिल्या गाडीत बसलो. आम्ही चौघंच होतो. पुढच्या वाडीपाशी उतारावरून एक मुलगी दप्तर सावरत धावत येताना दिसली. तिथे थांबा नव्हता. ड्रायव्हरने गाडी थांबवली, कंडक्टरने दार उघडून धरलं. ती आत आली, पास दाखवला आणि खिडकीशी बसून पुस्तक उघडलं. दोनदा घंटी वाजली आणि गाडी घाट चढू लागली.