सभाधीटपणाची पहिली पायरी घरात

(देवळाली कॅम्प येथे पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



१ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी जवळ आली की घरोघरी धावपळ सुरू होते. आई भाषण लिहून देते, वडील हातवारे शिकवतात आणि मूल आठ दिवस घोकंपट्टी करते. व्यासपीठावर मधलेच एक वाक्य निसटते. मूल थिजते, समोर कोणीतरी हसते. घरी आल्यावर ‘एवढेही जमले नाही?’ हा प्रश्न वाट पाहत असतो. अशी कित्येक मुले पुढे वर्षानुवर्षे सभेत तोंड उघडत नाहीत. दोष स्मरणशक्तीचा नसतो. ते शब्द मुलाचे नव्हतेच.

आपल्या शेजारच्या भगूरकडे पाहावे. २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकर तेथे जन्मले. त्यांच्या वक्तृत्वाचे स्मरण आपण नेहमी करतो. त्याचा उगम मात्र क्वचितच शोधतो. दिवसाची कामे आटोपली की राधाबाई मुलांकडून रामायण, महाभारत, बखरी मोठ्याने वाचून घेत. १८९२ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा विनायक अवघा नऊ वर्षांचा होता. म्हणजे हा संस्कार नऊ वर्षांच्या आतला. तेथे वक्तृत्वाचा वर्ग नव्हता. वाचणारे मूल होते आणि मन लावून ऐकणारी आई होती. पुढे १९०० मध्ये नाशिकला मित्रमेळा सुरू झाला. त्याच्या साप्ताहिक बैठकांत तरुण विषयाचा अभ्यास करून बोलू लागले. घरातल्या ओसरीवरून मित्रांच्या बैठकीत आणि तेथून जाहीर सभेत, असा हा क्रम आहे. आपण मात्र मुलाला थेट शेवटच्या पायरीवर उभे करतो.

सांजवातीनंतरची दहा मिनिटे यासाठी पुरेशी आहेत. दूरदर्शन संच बंद, भ्रमणध्वनी दूर. मुलाने गोष्ट किंवा वृत्तपत्रातील एखादी बातमी मोठ्याने वाचावी. श्लोक आणि पाढे खणखणीत म्हणावेत. त्याने उच्चार सुधारतात, श्वास कोठे घ्यावा हे कळते. मग पुस्तक मिटून तेच स्वतःच्या शब्दांत सांगावे. हाती संपूर्ण भाषण नको. तीन मुद्द्यांचे तीन शब्द लिहिलेली चिठ्ठी पुरे. वाक्य निसटले तरी मुद्दा हाती राहतो आणि मूल पुढे जाऊ शकते.

मूल बोलत असताना मध्येच चूक काढू नये. बोलणे संपल्यावर आधी काय आवडले ते सांगावे, मग एकच सुधारणा सुचवावी. छातीतली धडधड मोठ्या वक्त्यांनाही चुकत नाही, हेही सांगावे. रविवारी आजी-आजोबा, शेजारी यांच्यासमोर उभे राहून दोन मिनिटे बोलू द्यावे. कॅम्पात अनेक प्रांतांची कुटुंबे राहतात. कित्येक मुलांची घरची भाषा एक, शाळेची दुसरी. अशा मुलाने आधी घरच्या भाषेत विचार मांडावा. विचार पक्का झाला की दुसरी भाषा त्याला सहज साथ देते.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकलाही मे महिन्यात गोदाघाटावर व्याख्याने होतात. मुलांना तेथे न्यावे आणि परतताना वक्त्याचे काय पटले, काय पटले नाही, हे विचारावे. ‘पटले नाही’ म्हणण्याची मुभा असल्याशिवाय वक्ता घडत नाही. ही मुभा मुलीलाही तितकीच हवी. ‘मुलीच्या जातीने एवढे बोलू नये’ हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार झाले पाहिजे.

बक्षीस मिळेल वा न मिळेल. ज्याचे बोलणे घरी ऐकून घेतले जाते, ते मूल उद्या अन्याय झाला तर तो आधी घरी येऊन सांगेल. ज्याला सतत ‘गप्प बस’ ऐकावे लागले, ते तेव्हाही गप्पच बसेल. म्हणून आज घरी गेल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारावा, ‘आज काय झाले, सांग बरं’, आणि त्याचे सांगून होईपर्यंत आपण काही बोलू नये.