पांढरी, काळी आणि कृष्णेचे पात्र

महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम यात्रेकरूंस दाखविण्यात येतात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेची वाट धरते आणि महाडावरून बाणकोटच्या खाडीत शिरून शंभरेक किलोमीटरांत समुद्रास मिळते. कृष्णेस समुद्र भेटावयास सुमारे १४०० किलोमीटर चालावे लागते. पाऊस मात्र दोघींचा एकच. २०२१ सालच्या जुलई महिन्यात एकाच आठवड्यात कोकणात महाड आणि चिपळूण बुडाले, आणि घाटावर सातारा-सांगलीचा कृष्णाकाठ बुडाला. तेव्हा पाण्याच्या काठी वस्ती कोठे करावी व कोठे करू नये, हा प्रश्न समुद्रकाठास जितका लागू तितकाच नदीकाठासही लागू आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानी सहज येईल.

समुद्रकाठी निदान एक रेषा सर्वांस ठाऊक असते. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येऊन आपली हद्द दाखवून जाते. १९९१ साली केंद्र सरकारने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घातले. पुढे त्या नियमांत अनेक फेरफार झाले. परंतु रेषा कोठून मोजावयाची याविषयी कोळ्यास किंवा माडाच्या बागाईतदारास शिकवावे लागले नाही. नदीची गोष्ट निराळी. तिची भरती दहा-पंधरा वर्षांनी एकदा येते, आणि तेवढ्या अवधीत माणसास विसर पडतो. शाळेतील भूगोलात मुलांकडून नद्यांची लांबी पाठ करून घेतात. नदीची रुंदी काय, हे कोणत्याही परीक्षेत विचारल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक नदीस दोन रुंद्या असतात, एक वैशाखातील आणि दुसरी श्रावणातील. प्लॉट विकले जातात ते बहुधा वैशाखात.

जुन्या गावकऱ्यांस ही दुसरी रुंदी ठाऊक होती. आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानलेले आहेत, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ती बहुधा उंचवट्यावर, पांढऱ्या मातीच्या टेकाडावर असे. काळी म्हणजे पिकाची. नदीलगतची गाळाची जमीन ती मळी. तेथे पीक घ्यावे, गुरे चारावी, पण चूल मांडू नये. हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडला तेव्हा कोणावर फिर्यादही झाली नाही. नदीस अगदी लागून बांधावयाचेच झाले तर कसे बांधावे, हे वाईस पाहावे. गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोहों अंगांनी निघून जावे, अशी ती योजना. पाण्यास अडवावयाचे नाही, वाट द्यावयाची, एवढे त्या कारागिरास पक्के ठाऊक होते.

वाईहून निघालेली कृष्णा कऱ्हाडास येते, तेथे कोयना तिला समोरासमोर येऊन भिडते, आणि दोघी मिळून पूर्वेस वळतात. येथून पुढे उतार मंद होत जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच, सांगली साडेपाचशेच्या आसपास. पण या उतरणीचा बहुतेक भाग कऱ्हाडच्या वरच संपलेला असतो. खाली येरळा मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. या साऱ्यांचे पाणी सपाटीवर येऊन पसरते. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, सांगलीस ५०० ते ६००. म्हणजे सांगलीत जो पूर येतो त्याचा पाऊस सांगलीत पडलेलाच नसतो. कित्येकदा स्वच्छ ऊन पडलेले असते आणि पाणी दारात चढत असते.

सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. २००५ साली ही पातळी पुष्कळ मागे पडली. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. पुरात शेरीनाला उलटा वाहू लागतो, आणि नदीचे पाणी त्याच वाटेने वस्तीत येते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावे दर पुराच्या बातमीत पहिल्या ओळीत असतात. या वस्त्या कोणी हौसेने सखल भागात केल्या नाहीत. उंचावरील जमीन महाग, खालची स्वस्त. गुंठा-दोन गुंठे घेऊन हमाल, गाडीवाला, गिरणीतला कामगार तेथे राहिला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा पुष्कळ बांधकामांस नियमाधीन होण्याची वाट मिळाली. गरिबाचे घर कायदेशीर व्हावे हे योग्यच; परंतु कागद मिळाल्याने जमिनीची उंची वाढत नाही.

पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला व १९१९ साली मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाला. नगररचनेचा विचार एका शहरापुरता करू नये, डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचे सबंध खोरे हे एक एकक मानावे, असे त्याचे प्रतिपादन होते. कृष्णाकाठास ते तंतोतंत लागू पडते. आपल्याकडे १९१५ चा मुंबई नगररचना कायदा झाला, १९६६ साली प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा कायदा झाला. तथापि खोऱ्याचे तुकडेच होत गेले. सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढला, तोच १९६० पासून सांगली जिल्हा. कोयनेचे धरण एका जिल्ह्यात, पूर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि अलमट्टी तर दुसऱ्या राज्यात! २०१९ च्या पुरानंतर सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अडथळ्यांकडेही बोट दाखविले. अलमट्टीविषयी बोलणे सोपे पडते, कारण ती दूर आहे. आपल्या गल्लीतील बुजविलेल्या ओढ्याविषयी बोलणे जड जाते, कारण तो बुजविणारा शेजारी असतो.

आता नदीसही रेषा आखण्याची पद्धत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी. निळीच्या आत घर बांधावयाचे नाही. निळी व तांबडी यांच्या दरम्यान अटींवर बांधावयाचे. खरी अडचण आखणीत नसून, आज आत असलेल्या कुटुंबांचे काय, यात आहे. पूर ओसरला म्हणजे माळावर नवे गावठाण देण्याची भाषा होते. परंतु ज्याचा ऊस मळीत, ज्याचा गोठा शेतालगत, त्याने दोन कोसांवर राहून धारा केव्हा काढावयाच्या? ज्या बाईचे धुण्याभांड्याचे काम पेठेत आहे तिने माळावरून यावे कसे? नव्या वस्तीस घरांबरोबर पाणी, शाळा, गुरांची जागा आणि पहाटेची एस. टी. हवी, त्यांवाचून दिलेले घर कुलूप लावून पडते आणि माणूस पुन्हा काठास येतो.

हरिपुरात हळद साठविण्याची जमिनीतील पेवे होती. शतकाहून अधिक काळ ती कोरडी राहिली. २००५ च्या पुराने त्यांतील पुष्कळशी निकामी केली. व्यापाऱ्यांनी त्यानंतर आपला माल उंचावरील वखारी आणि शीतगृहांत हलविला, कारण हळदीस भाडे देणारा होता. सूर्यवंशी प्लॉटातील माणसांस तेवढ्या उंचीवर जागा द्यावयाची तर ते भाडे महानगरपालिकेने, जिल्ह्याने की राज्याने भरावयाचे, हे अजून ठरावयाचे आहे.